फाटक ते पोर्च : छत्तीस इंच

आई पडली नाही. पारिजातकाची फांदी हाताला लागली म्हणून वाचली. २०२३ चे गणपती नुकतेच झाले होते. सकाळी ती दुधाची पिशवी घेऊन फाटकाकडून घराकडे येत होती आणि पहिल्याच पायरीला तिचा पाय अडकला. पिशवी फुटली, दूध वाटभर पसरलं. मी धावत बाहेर गेले तर ती फांदी घट्ट धरून उभी होती आणि म्हणत होती, "अगं, पायरी उंच कशी झाली?"

घाबरल्यामुळे असं बोलतेय असं मला वाटलं. दुपारी टेप घेऊन मोजलं तेव्हा कळलं की तिचंच बरोबर होतं. पहिली पायरी पूर्वी साडेसहा इंचांची होती, आता साडेआठ भरत होती. पायरी वर आली नव्हती, तिच्या पुढची वाट खाली गेली होती. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पाय किती उचलायचा याचा तिचा अंदाज वर्षानुवर्षांच्या सवयीवर चालतो. दोन इंचांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पायाला तो लगेच कळतो.

आमचं घर पुण्यात सहकारनगरमध्ये, तळजई टेकडीच्या पायथ्याशी. बाबांनी १९८७ मध्ये बांधलं. प्लॉट उताराचा, म्हणून फाटक खाली आणि पोर्च वर. मूळ जमीन मुरमाची. पण बाबांना गुलाबांची भारी हौस, त्यासाठी त्यांनी ट्रकने काळी माती आणून पुढचं सगळं अंगण भरून घेतलं. त्या मातीवर शहाबादी फरश्यांची वाट होती आणि पोर्चपाशी चार पायऱ्या. फरश्यांचे पापुद्रे सुटायला लागले, काही हलायला लागल्या, म्हणून २०२२ मध्ये आम्ही एका ठेकेदाराकडून तिथे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. त्याने काम दोन दिवसांत उरकलं. तीन इंच माती खरवडली, वर दगडाची बारीक कच पसरली, ब्लॉक मांडले, फटींत आणखी थोडी कच लोटली आणि पैसे घेऊन गेला. दिसायला झकास दिसत होतं. आम्ही फोटोही काढले.

पहिल्या पावसाळ्यात ब्लॉकखालची कच चिखलासारखी झाली. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला बोटभर भेगा पडतात. तिच्यावर ठेवलेलं काहीही तिच्याबरोबर वर-खाली होतं. वाटेच्या दोन्ही कडांना अडवायला काही नव्हतं, त्यामुळे कडेचे ब्लॉक वाफ्यांकडे सरकत गेले आणि मधल्या फटी रुंद होत गेल्या. सगळ्यात वाईट म्हणजे वाट घराच्या बाजूला खचली आणि पाणी जोत्यापाशी साचायला लागलं. दुसऱ्या पावसाळ्यात आईचा पाय अडकला.

शेजारपाजारचे सगळे म्हणाले, कटकट नको, सरळ कोबा करून टाका. मी त्यावर पुष्कळ विचार केला. पण वाटेखालून पाण्याची लाइन जाते, कधी गळली तर सगळं फोडावं लागेल. कडेला पारिजातक आहे, त्याच्या मुळांवर सलग कोबा ओतायला माझं मन धजेना. आणि काळ्या मातीवरचा कोबा म्हणजे आज ना उद्या तडा. दोष ब्लॉकचा नव्हताच, खालच्या कामाचा होता. म्हणून पुन्हा ब्लॉकच घालायचे, पण या वेळी नीट, असं ठरलं. पायऱ्याही नव्या करायच्या, कारण जुन्या चार पायऱ्या मोजल्या तर एकीची उंची दुसरीशी जुळत नव्हती.

जे मिस्त्री मिळाले ते गल्लीतल्या एका जुन्या बंगल्याचं दगडकाम करत होते. मी मोबाइलवर ब्लॉकची डिझाइन्स काढून ठेवली होती. त्यांनी ती बघितलीच नाहीत. "ताई, ब्लॉक कुठला ते मागाहून. आधी खाली काय आहे ते बघू." असं म्हणून त्यांनी पहार मागवली आणि वाटेच्या कडेला तीन ठिकाणी मारून बघितली. काळ्या मातीत पहार मुकाट्याने आत जाते. मग एका खोलीवर ठण्ण वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात, तो मुरूम. पोर्चपाशी नऊ इंचांवर मुरूम लागला, फाटकापाशी चौदा इंचांवर. "एवढी माती काढायची. सगळी," ते म्हणाले. मला बाबांची आठवण आली. ती माती आम्ही टाकली नाही, मागच्या अंगणात पसरली. गुलाब आता तिकडे आहेत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेव्हल ट्यूब आणली. ही साधी पारदर्शक नळी असते, तिच्यात पाणी भरायचं, एक टोक पोर्चवर आणि दुसरं फाटकापाशी धरायचं. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं आणि त्यावरून खरा फरक मोजता येतो. आमचा फरक निघाला छत्तीस इंच. फाटकापासून पोर्चपर्यंतचं अंतर चोवीस फूट. या दोन आकड्यांत सगळं बसवायचं होतं.

पायरी किती उंच हवी हे आम्ही कागदावर ठरवलं नाही. मिस्त्रींनी विटा, जुन्या फरश्यांचे तुकडे आणि सेंटरिंगची फळी घेऊन पोर्चमध्ये पायरी रचली, आधी सात इंचांची. आई चढली, पण तिचा डावा हात भिंतीकडे गेला. मग सहा इंच. हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. मग पाच इंच. आई चढली, उतरली, पुन्हा चढली, आणि हात अंगाशीच राहिला. तिला कुणी काही विचारलं नाही. मिस्त्री फक्त तिच्या हाताकडे बघत होते. "पाच," ते म्हणाले.

पायरी कमी उंच केली की पाऊल ठेवायची जागा वाढवावी लागते, नाहीतर चालण्याची लय बिघडते. यासाठी जुना हिशेब आहे, सतराव्या शतकातल्या ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाचा : पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पाऊल ठेवायची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, म्हणजे साधारण चोवीस-पंचवीस इंच भरावी. पाचची दुप्पट दहा, म्हणजे रुंदी पंधरा इंच. मिस्त्रींना ब्लाँडेल माहीत नव्हता. पण त्यांनी आपल्या अंदाजाने खडूने जी रेघ मारली ती बरोबर पंधरा इंचांवर होती.

मग छत्तीस इंचांची वाटणी झाली. तीस इंच सहा चढांना, पाच-पाच इंचांनी. दोन इंच पायऱ्यांच्या आणि मधल्या टप्प्याच्या ढाळाला, कारण पायरी पूर्ण सपाट ठेवली तर पाणी तिच्यावरच थांबतं आणि शेवाळ धरतं. प्रत्येक पायरीला पुढे पाव इंच ढाळ दिला की हिशेबात तो धरावाच लागतो, नाहीतर शेवटच्या पायरीला सगळी चूक गोळा होते. उरलेले चार इंच वाटेला, पंधरा फुटांत, घराकडून फाटकाकडे. तीन चढांनंतर चार फुटांचा टप्पा, आईला दम घ्यायला, मग पुन्हा तीन चढ. पायऱ्या आणि टप्पा मिळून नऊ फूट झाले. जुन्या पायऱ्या अडीच फुटांत उभ्या होत्या. आता अंगणाचा मोठा भाग पायऱ्यांनी घेतला, दोन कुंड्यांच्या रांगा गेल्या. मला त्याचं वाईट वाटलं, पण क्षणभरच.

काळा दगड घडवून घ्यावा असं माझ्या मनात होतं. आमच्या भोवतीचे सगळे डोंगर त्याच दगडाचे. पण घडाईचा खर्च झेपणारा नव्हता. शेवटी काँक्रीटच्या पायऱ्या ओतून आणायचं ठरलं. चार फूट लांब, सतरा इंच रुंद (वरची पायरी मागच्या दोन इंचांवर बसते), पाच इंच जाड, आत सळई. पुढची धार थोडी तासलेली, कारण टोकदार धार पहिली फुटते आणि पडणाऱ्याला लागतेही. पुढच्या दोन इंचांच्या पट्टीत काळं ऑक्साइड (सिमेंटमध्ये मिसळायचा रंग), म्हणजे कमी उजेडात पायरीची कड कळते. आणि पृष्ठभाग थापीने घोटून गुळगुळीत करायचा नाही, ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या. कारखान्यातला माणूस म्हणाला, गुळगुळीत जास्त छान दिसतं. मी म्हटलं, श्रावणात येऊन बघा.

सहावा चढ पोर्चचाच असल्यामुळे पायऱ्या पाच लागणार होत्या. त्या ओतल्यानंतर अठ्ठावीस दिवस तिथेच ठेवायला सांगितल्या, पहिले काही दिवस रोज पाणी मारायला सांगितलं, आणि दोनदा स्वतः जाऊन बघून आले.

तेवढ्या दिवसांत ब्लॉक ठरवले. पायवाटेला आणि दुचाकीला साठ मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो, चारचाकी जाणार असेल तर ऐंशीचा. चकचकीत, रंगीत ब्लॉक मी सुरुवातीलाच बाद केले. ते रबरी साच्यातले असतात, वरून काचेसारखे, आणि ओले झाले की पाय सटकतो. मशीनने दाबून केलेले खरखरीत राखाडी ब्लॉक दोन ठिकाणी बघितले. दोन्हीकडचा भाव जवळपास सारखा, दिसायलाही सारखे. मग दोन्हीकडचा एकेक ब्लॉक घरी आणला. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर तीन दिवस वाळवला, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलला, चोवीस तास बादलीत बुडवून ठेवला, फडक्याने पुसून पुन्हा तोलला. पहिला २ किलो ७१० ग्रॅमचा, बुडवून काढल्यावर २ किलो ९६० भरला, म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त पाणी प्यायला. दुसरा २ किलो ८१५ चा २ किलो ९४५ झाला, साडेचार टक्क्यांच्या आसपास. पेव्हर ब्लॉकसाठीचं भारतीय मानक, आयएस १५६५८, सरासरी सहा टक्क्यांपर्यंत पाणी चालतं म्हणतं. प्रयोगशाळेत ब्लॉक भट्टीत वाळवतात, माझी गच्ची म्हणजे काही भट्टी नव्हे. पण दोघांतला फरक इतका मोठा होता की निवड करणं सोपं झालं. आई म्हणाली, दोन एकमेकांवर आपटून बघ. दुसऱ्याचा आवाज खणखणीत आला, पहिल्याचा बद्द. मडकं घेताना ती हेच करते.

वाट आणि टप्पा मिळून शहात्तर चौरस फूट. आठ इंच बाय चार इंचांचे साधारण साडेतीनशे ब्लॉक लागणार होते, मी चारशे मागवले. कापताना काही फुटतात, आणि पुढे एखादा बदलायचा झाला तर त्याच लॉटमधला हाताशी हवा. नंतर आणलेला रंगाने कधीच जुळत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. मिस्त्रींनी आधी कंपाउंडच्या भिंतीवर वाटेच्या तयार पातळीची लाल रेघ आखून घेतली, ढाळासकट. मग सगळी मापं त्या रेघेपासून खाली. ब्लॉक आणि त्याखालची वाळू मिळून जवळजवळ चार इंच होतात, म्हणजे खडी-मुरमाचा थर रेघेच्या चार इंच खाली संपायला हवा. पुष्कळ ठिकाणी आधी खणलेल्या जमिनीवरून पायऱ्या बसवतात, मागाहून वाट भरतात, आणि मग पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते. त्या एका रेघेने हे टळलं.

काळी माती पूर्ण निघाल्यावर खड्डा बघून भीतीच वाटली. त्यात खडी आणि मुरूम, चार-चार इंचांच्या थरांनी. प्रत्येक थरावर पाणी आणि भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरच्या, म्हणजे जमीन ठोकून दाबणाऱ्या मशीनच्या फेऱ्या, टाच मारली तर खूण उमटू नये इतपत. या कामात दाखवण्यासारखं काही नसतं. तीन दिवस नुसता धडधडाट आणि धूळ. ब्लॉक आणि पायऱ्या यांच्यापेक्षा जास्त पैसे या न दिसणाऱ्या कामात गेले, आणि मला त्यातल्या एका रुपयाचाही पस्तावा नाही.

पायऱ्या टेम्पोतून आल्या. एकेक दीडशे किलोच्या वर. दोरखंड, दोन बांबू आणि चार माणसं, पालखीसारख्या खांद्यावरून आणल्या. खाली पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट), वर मसाल्याचा थर, रबरी हातोड्याने ठोकून, स्पिरिट लेव्हल लावून, पावसाच्या आत पाचही बसल्या.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री जेवायला गेले असताना आई काठी घेऊन हळूच चढून बघायला लागली. तिसऱ्या पायरीवर थांबली, परत खाली उतरली, पुन्हा चढली. "ही वेगळी लागते," म्हणाली. मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. मिस्त्री आले, त्यांनी टेप लावला. साडेपाच इंच. आणि टप्पा त्याच पायरीला जुळणार असल्यामुळे चौथी साडेचारच झाली असती. ते म्हणाले, "आजी, अर्धा इंच म्हणजे काही नाही." आई काही बोलली नाही. ते दोन मिनिटं पायरीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी हातातली तंबाखू झटकली, पोरांना हाक मारली आणि पायरी उचलायला लावली. खालचा मसाला खरवडून काढला, पुन्हा बसवली. संध्याकाळी आईला बोलावून म्हणाले, "आता बघा." ती चढली आणि थेट पोर्चपर्यंत गेली, मध्ये थांबली नाही.

ब्लॉकचं काम त्यामानाने भराभर झालं. दोन्ही कडांना आधी काँक्रीटच्या बारीक पट्ट्या, वाफ्याच्या मातीत बुडलेल्या, म्हणजे दिसत नाहीत पण ब्लॉकला सरकू देत नाहीत. त्यांच्यामध्ये दीड इंच क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली भरड वाळू, फळीने एकसारखी ओढलेली, न ठोकलेली. कच या वेळी आम्ही फाटकातही येऊ दिली नाही. ब्लॉक रेघेपेक्षा पाव इंच वर मांडले, कारण वरून कॉम्पॅक्टर फिरला की ते तेवढे बसतात. प्लेटखाली रबराची शीट घातली होती, कडा उडू नयेत म्हणून. मग बारीक कोरडी वाळू फटींत झाडायची, पुन्हा फेरी, पुन्हा वाळू. वाळू फटीत गच्च बसली की ब्लॉक एकमेकांना धरतात, एकट्यावर पाय पडला तरी भार शेजारच्यांवर जातो. पारिजातकाभोवती दोन फूट जागा मोकळी सोडून गोटे टाकले. पायऱ्यांच्या एका बाजूला जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा कठडा लावला.

महिनाभरात ब्लॉकवर पांढरे डाग उमटले. मी हादरले, पुन्हा फसवलं गेलो की काय असं वाटलं. मग समजलं की सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेशी त्याचा संयोग होऊन असा पांढरा खार धरतो, आणि पावसात हळूहळू निघून जातो. अॅसिडने धुवायला जाऊ नये, त्याने ब्लॉकचा वरचा थर खरवडतो. ऑगस्टपर्यंत बहुतेक डाग गेले.

त्याआधी २५ जुलै आला. २०२४ च्या त्या दिवशी पुण्यात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांमध्ये शिरलं होतं. आम्ही नदीपासून लांब आणि उंचावर, आम्हाला पुराचं भय नव्हतं. पण जोत्याचं होतं. पहाटे बॅटरी घेऊन मी पोर्चमध्ये उभी होते. पाणी पायऱ्यांवरून पुढच्या पुढे ओघळत होतं, वाटेवर पातळ पसरून फाटकाकडे जात होतं, थोडं फटींतून खाली झिरपत होतं. जोत्यापाशी डबकं नव्हतं. मी वाकून हात लावून बघितलं, ओल होती, पाणी नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये ज्याची भीती होती ते झालं, पाण्याची लाइन गळायला लागली. प्लंबर सवयीने ब्रेकर घेऊन आला. मी मिस्त्रींना फोन केला. त्यांनी दोन पटाशींनी पहिला ब्लॉक उचकटला, तेवढंच काय ते अवघड, बाकीचे हाताने निघाले. तीस ब्लॉक कडेला रचले, जॉइंट बदलला, मुरूम पुन्हा ठोकला, वाळू पसरली, तेच ब्लॉक पुन्हा बसवले. सकाळी साडेदहाला सुरू केलेलं काम चहाच्या वेळेपर्यंत संपलं आणि एकही ब्लॉक फुटला नाही.

फटींत भरलेली वाळू तेवढ्या भागात अजून उजळ दिसते, जाताना जागा ओळखू येते. त्याच्याच थोडं वर, टप्प्याच्या कोपऱ्यात, पारिजातकाच्या फुलांचे केशरी देठ पडून पडून राखाडी ब्लॉकवर पिवळट छटा चढलीय. मी घासून काढायला निघाले होते, आईने राहू दे म्हटलं. ती सकाळी परडी घेऊन तिथेच बसते, टप्प्याच्या कडेवर, पाय खालच्या पायरीवर टेकवून.